उमेदीचाही ताळेबंद

पाण्याच्या कामात पडलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, किती पाणी अडवलं? आणि दुसरा, एवढं करून पाऊसच पडला नाही तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहिलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याचं त्याला रोज नव्यानं शोधावं लागतं. गेली वीस-बावीस वर्षं मी दुष्काळी पट्ट्यातल्या गावांमध्ये पाणलोटाच्या कामाला हातभार लावते आहे. आज मला पाण्याबद्दल थोडं आणि उमेदीबद्दल जास्त बोलायचं आहे. कारण माझा अनुभव असा, की गावाचं काम पाण्यावाचून क्वचित थांबतं. माणसांची उमेद आटली, की मात्र ते हमखास थांबतं.

उमेद हा स्वभाव आहे, असं आपण धरून चालतो. ‘तो मुळातच उत्साही आहे हो,’ असं म्हणतो आणि त्या उत्साही माणसाच्या खांद्यावर आणखी एक काम टाकतो. पण उमेद ही विहिरीसारखी असते. दिवसभर पाणी उपसलं आणि रात्री मोटर बंद ठेवली, तर झरे आपलं काम करतात, सकाळी विहीर पुन्हा भरलेली दिसते. मोटर रात्रंदिवस चालू ठेवली, तर चांगली पाण्याची विहीरसुद्धा तळ दाखवते. मग ‘या विहिरीला पाणीच नाही’ असं म्हणण्यात काय अर्थ? उपसा किती आणि भरणा किती, एवढाच तो हिशेब असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव असा हिशेब पाण्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं मांडत आलं आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांसारखी बंधनं गावानं स्वतःवर घालून घेतली. आज हे गाव लोक पाहायला जातात ते हिरव्या डोंगरासाठी. मला मात्र तिथली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला, तर पिकं बदलायची. नशिबाला बोल लावत बसायचं नाही. तसाच ताळेबंद उमेदीचाही मांडता येतो, असं मला वाटतं. आपली उमेद कुठून गळते, ते आधी पाहायला हवं.

पहिली गळती म्हणजे सगळी आशा पावसावर टांगून ठेवणं. आपण चर खोदतो, बांध घालतो आणि डोळे आभाळाकडे लावतो. पाऊस आपल्या हातात नाही. जे हातात नाही त्यावर आशा ठेवली, की एका कोरड्या नक्षत्रात ती संपते. म्हणून मी गावात गेले, की आधी एक साधं गणित सांगते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा हजार लिटर होतं. अवघा एक मिलिमीटर! आणि एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल अशा खड्ड्यात हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे दोनशे लिटरची पाच पिंपं. पाऊस प्रत्येक वेळी थांबून पडला, तर तो खड्डा हंगामात अनेकदा भरतो आणि जिरतो. हे कळलं, की घमेलं उचलणाऱ्या माणसाला आपण आज काय केलं ते मोजता येतं. संध्याकाळी घरी जाताना ‘पाऊस येईल का’ याऐवजी ‘आज आपली पन्नास पिंपांची जागा झाली’ असं त्याला म्हणता येतं.

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. त्याच महिन्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांमध्ये सुरू झाली. ती उणीपुरी पंचेचाळीस दिवसांची होती आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपणार होती. गुण मिळणार होते ते केलेल्या कामाचे. पाऊस किती पडला याचा त्या गुणांशी संबंध नव्हता. इतक्या भीषण उन्हाळ्यात माणसं पहाटे टिकाव-फावडं घेऊन बाहेर का पडली, याचं एक कारण मला त्यात दिसतं. काम मोजता येत होतं, मुदत डोळ्यांसमोर होती आणि शेजारचं गावही त्याच उन्हात राबत होतं.

दुसरी गळती म्हणजे काम त्याच त्या चार माणसांवर पडणं. एका गावातली गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या कामाचा सगळा भार एका तरुणानं उचलला होता. ए-फ्रेम घेऊन समतल रेषा आखण्यापासून तहसील कचेरीतल्या खेपांपर्यंत सगळीकडे तोच. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला, दुसऱ्या वर्षी तोही झाला नाही. श्रमदानाला साठ-सत्तर माणसं यायची, ती आठ-दहावर आली. आणि एके दिवशी हा तरुणही यायचा थांबला. मी त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर गप्प बसून होता. बोलली ती त्याची बायको. म्हणाली, “ताई, हे गावाचं पाणी अडवायला जातात. घरातलं पाणी कोण भरायचं? टँकर आला की मी एकटी धावते.”

त्या एका वाक्यात सगळा ताळेबंद होता. बाई पहाटे श्रमदानाला येत होती, परत जाऊन भाकऱ्या थापत होती, टँकरच्या रांगेत उभी राहत होती आणि दुपारी मजुरीला जात होती. नवऱ्याचा उत्साह तिच्या उपशावर चालला होता. पुढच्या बैठकीत हा विषय महिलांनीच काढला. बरीच वादावादी झाली. शेवटी पाळ्या ठरल्या. प्रत्येक घरानं आठवड्यातून दोनच दिवस यायचं, टँकरच्या दिवशी काम बंद आणि श्रमदानानंतरची खिचडी पुरुषांनी शिजवायची. पहिल्या दिवशी ती करपली, पण चवीनं खाल्ली गेली. तो तरुण दोन आठवड्यांनी परत आला, आठवड्यातले दोनच दिवस. काम मंदावलं हे खरं. पण पुढच्या उन्हाळ्यातही ते चालू होतं आणि मला त्याचंच महत्त्व वाटतं.

तिसरी गळती सर्वांत वाईट, कारण ती दिसत नाही. ती म्हणजे अन्याय. सगळ्या गावानं उन्हात राबून पाणी जिरवायचं आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं नवी बोअर पाडून ते उसाला द्यायचं. असं झालं, की पुढच्या वर्षी कुणी टिकावाला हात लावत नाही. आपण म्हणतो, लोक आळशी झाले. लोक आळशी झालेले नसतात, शहाणे झालेले असतात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार पुढे आला. पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता घरातल्या माणसांच्या हिशेबानं द्यायचं, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही त्यात वाटा आणि उसाला बंदी. हिवरे बाजारनंही सिंचनासाठी बोअर घ्यायला मनाई केली. या नियमांकडे आपण पाण्याचे नियम म्हणून पाहतो. मला ते उमेदीचेही नियम वाटतात. आपल्या घामाचं पाणी आपल्या वाट्याला येणार, याची खात्री असली, तर माणूस दोन कोरडी वर्षं दम धरतो.

ज्या वर्षी खरोखरच काही हाती लागत नाही, त्या वर्षी काय करायचं? अशा वेळी ‘होईल सगळं चांगलं’ असं म्हणू नये. आपल्याकडचा काळा पाषाण सगळीकडे सारखं पाणी घेत नाही. एकाच्या बांधाचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीत निघतं, कधी कुठेच निघत नाही. हे आधी सांगावं. खोट्या आशेचा उतार फार तीव्र असतो. दुःख झालं असेल, तर ते चारचौघांत बोलू द्यावं. कुणाची जनावरं विकली गेली, कुणाचं घर ऊसतोडीला गेलं, हे सभेत उच्चारलं गेलं, की ते एकट्याचं राहत नाही.

दुःख पचवून उभं राहण्याचं मोठं उदाहरण आपल्याच मराठवाड्यातलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. घरांच्या दुरुस्तीच्या आणि मजबुतीकरणाच्या कामात तिथल्या गावोगावच्या महिला ‘संवाद सहाय्यक’ म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन आणि त्यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना बळ दिलं. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काही महिला तिकडे मदतीला गेल्या. आपलं घर पडल्यावर ते पुन्हा कसं उभं राहिलं, हे सांगायला त्यांच्याइतकं अधिकारी कोण? शिकवणाऱ्याचीही उमेद अशा वेळी भरते. म्हणून थकलेल्या गावाला मी नेहमी सुचवते, की भाषण ऐकायला बोलावू नका, शेजारच्या गावाला दोन गोष्टी दाखवायला जा.

हे फक्त पाण्याच्या कामाला लागू आहे, असं नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या चिखलात असंख्य माणसं राबली. शहरातल्या वस्तीत, सोसायटीत कचऱ्याचं, झाडांचं काम करणारेही आहेत. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. सहाव्या महिन्यात जे उरतात, त्यांना जपायचं असतं.

त्यासाठी फार काही लागत नाही. महिन्याच्या बैठकीत कामाचा आढावा झाला, की आणखी तीन प्रश्न विचारा. आपल्या हातातलं कोणतं काम या महिन्यात पुरं झालं? आपल्यापैकी कोण दमलं आहे आणि त्याचा भार कोण घेईल? या कामाचा लाभ कुणाला मिळाला आणि कोण वंचित राहिलं? उत्तरं वहीत लिहून ठेवा, जसा आपण पाऊस लिहून ठेवतो. आणि ज्याचं नाव ‘दमला’ म्हणून लिहिलं असेल, त्याला पुढचे पंधरा दिवस बोलावू नका. त्याच्या घरी मात्र चहाला जरूर जा.