दोन नळ्यांचा श्वास : जुन्या स्कूबा साधनांची ओढ आणि उतारवयातील विवेक

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची उमेदीची वर्षे लेथ, व्हॉल्व्ह आणि वॉशर यांच्या सहवासात गेली, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. जे यंत्र उघडून पाहता येते, त्याच्यावर माणसाचा जीव जडतो. जगातील काही हौशी पाणबुडे आजही साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घडणीची साधने पाठीला बांधून पाण्यात उतरतात, त्यामागे हीच ओढ आहे. नातवंडांबरोबर मालवण-तारकर्लीला गेलेल्या एखाद्या आजोबांनाही तेथील स्कूबा पाहून ही ओढ लागू शकते. घरातील ज्येष्ठांनी अशी इच्छा बोलून दाखविली, तर ती हसण्यावारी नेऊ नये. मात्र तपासणीवाचून ती पुरीही करू नये.

यंत्राचे मर्म

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंते एमिल गान्याँ यांनी 'ॲक्वा-लंग' सिद्ध केले. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी वायूवर चालवाव्या लागत. त्यासाठी गान्याँ यांनी केलेला व्हॉल्व्ह येथे उपयोगी पडला. श्वास ओढताच रबरी पडदा आत खेचला जातो, तरफ दाबली जाते आणि जेवढी हवी तेवढीच हवा मिळते. व्हॉल्व्ह पाठीवर असतो. एक नळी हवा तोंडापर्यंत आणते, तर दुसरी उच्छ्वास मागे नेते.

ओढ कशाची?

बुडबुडे डोक्यामागून निघून जात असल्याने डोळ्यांसमोर केवळ निवळ पाणी उरते. जुन्या पद्धतीत तरंगण्यासाठी हवेचे जाकीट नसे, आणि बहुधा हवेचा दाब दाखविणारी तबकडीही नसे. कमरेला शिशाचा पट्टा बांधायचा आणि श्वासावर तोल सांभाळायचा. श्वास भरला की देह किंचित वर येतो, सोडला की खाली जातो. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला पाण्यातील हे हलकेपण अनोळखी नाही. साधने जितकी कमी, तितके श्वासाकडे लक्ष अधिक. या छंदाचे खरे आकर्षण हेच आहे.

देहाचे म्हणणे

परंतु हीच साधेपणाची बाजू उतारवयात जड जाऊ शकते. पाण्यात उतरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील भार वाढतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका असतो. पालथे पोहताना पाठीवरील व्हॉल्व्ह फुप्फुसांपेक्षा वर राहतो. त्यामुळे या जुन्या साधनातून श्वास ओढण्यास अधिक जोर लागतो, आणि थकलेल्या हृदयाला व फुप्फुसांना हा जोर सोसेलच असे नाही.

दुसरा नियम सर्वांनाच लागू आहे. दहा मीटर खोलीवरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा रोखून वर आल्यास तिचे आकारमान दुपटीकडे जाऊ लागते आणि फुप्फुसाला इजा होते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये.

कुटुंबीयांनी काय पाहावे?

• वैद्यकीय तपासणी आधी, आरक्षण नंतर. हृदय, रक्तदाब, दमा, मधुमेह, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांतील काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. केंद्रावर भरावयाच्या आरोग्यपत्रकातही खरेच लिहावे. एका दिवसाच्या हौसेसाठी रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये.

• प्रथमच उतरणाऱ्याने जुन्या साधनांचा हट्ट धरू नये. त्याने आधुनिक साधने आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांच्यासह उथळ पाण्यातच अनुभव घ्यावा. जुनी साधने अनुभवी पाणबुड्यांसाठी आहेत. त्यांनीही प्रथम तरणतलावात, सोबती जवळ असतानाच ती वापरून पाहावीत.

• घरात जुना संच असल्यास तो चकचकीत दिसतो म्हणून विश्वासार्ह मानू नये. रबर कालांतराने चिरते, तर पोलादी सिलिंडर आतून गंजतो. सिलिंडरची अधिकृत दाबचाचणी आणि व्हॉल्व्हची जाणकाराकडून दुरुस्ती अनिवार्य आहे. आयुष्यभर लेथ चालविलेल्या हातांनीही हे काम स्वतः करू नये. कारखान्यातील साधे तेल या यंत्रात चालत नाही.

• पाण्यात असताना किंवा बाहेर आल्यावर दम लागणे, खोकला, छातीत दुखणे, गोंधळणे किंवा अंग बधिर होणे यांपैकी काहीही जाणवल्यास 'वयामुळे होते' म्हणून थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि पाण्याखाली गेल्याचे आवर्जून सांगावे.

किनाऱ्यावरचा आनंद

डॉक्टरांनी नकार दिला, तर तो इच्छेचा अपमान नव्हे. कोरड्या जमिनीवर जुना व्हॉल्व्ह न्याहाळणे, त्याची रचना कागदावर काढणे आणि नातवंडांना रबरी पडद्याची करामत समजावून सांगणे, यातही या छंदाचा मोठा वाटा हाती लागतो. आणि डॉक्टरांनी होकार दिलाच, तर घरातील एकाने सोबत अवश्य जावे, किनाऱ्यावर थांबावे. पाण्यातून वर येणाऱ्या ज्येष्ठाला, काय पाहिले ते सांगण्यासाठी आपले माणूस समोर हवे असते.