चिल्लरमधलं 'लाखाचं' नाणं: खरं काय, खोटं काय?

पांढरकवड्याच्या बाजारात भाजी घेतली की उरलेल्या पैशांत चार-सहा नाणी परत येतात. त्यात एखादं वैष्णोदेवीचं निघालं, की 'हे विका, लाखो मिळवा' सांगणारा व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ आठवतो. नाणं खरं असतं. खोटा असतो तो भाव.

वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ सालची. ती चलनात वापरण्यासाठीच पाडली होती. जे नाणं गावोगावच्या गल्ल्यांत सापडतं, त्याला लाख रुपये कोण देणार?

मग चिल्लर चाळण्यात अर्थच नाही का? आहे, पण तो छंदाचा. १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, त्याच वर्षीचं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं, २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. दुकानदाराच्या जुन्या डब्यात ही अजून निघू शकतात. मिळाली तर खर्चू नका, आणि चिंच-राखेने घासून चकचकीत तर मुळीच करू नका. घासलेल्या नाण्याकडे जाणकार संग्राहक पाहतही नाहीत.

नाणं कुठे पाडलं, हे सालाखालची बारीक खूण सांगते. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या काही रुपयांवर मात्र सालाखाली 'एच' अक्षर दिसतं. ती नाणी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीतली. चिल्लरची टंचाई होती, म्हणून सरकारने बाहेरून पाडून घेतली. तीही मोठ्या संख्येने आली, त्यामुळे मौज जास्त, भाव बेताचाच.

खरी किंमत बहुधा चुकलेल्या नाण्याला येते: ठसा एका बाजूला सरकलेला, कड कापली गेलेली किंवा साचा फिरलेला. साचा तपासणं सोपं आहे. सिंहमुद्रा सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं फिरवा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. किंचित तिरकी असेल तर विशेष नाही. पूर्ण उलटी असेल तर जपून ठेवा. हातोडी-कानशीने 'बनवलेल्या' चुकाही बाजारात फिरतात, हेही ध्यानात असू द्या.

फसवणुकीची रीत ठरलेली. ऑनलाइन जाहिरातीत मोठी किंमत, मग फोन, मग 'नोंदणी फी', 'कर', 'कमिशन'. काही जण रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही वापरतात. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच स्पष्ट केलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक कसला? पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

उरला रोजचा वाद. चार आणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, आठ आणे मात्र अजून चालतात. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये वैध असल्याचं सांगितलं होतं, रुपयाचं चिन्ह असलेले आणि नसलेलेही. त्यामुळे दुकानदाराने 'हे दहाचं नाही चालत' म्हटलं, तर ते नाणं दुर्मीळही नाही आणि खोटंही नाही.