गोदावरीकाठचा क्रूस आणि आपल्या बांधावरचे दगड

उसाच्या हिशेबातून थोडी सवड काढून या वेळी जरा जुन्या दगडांविषयी बोलू.

मुलचेऱ्याहून आलापल्ली, अहेरी करीत खाली सिरोंचाला गेले की पुढे गोदावरी लागते. पलीकडे तेलंगण. तिथल्या काटापूरच्या रानात मोठमोठ्या शिळांच्या थडग्यांजवळ अखंड दगडाचे क्रूस आहेत. १८६८ साली मुल्हेरन या अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली. मग फर्ग्युसन या स्कॉटिश पंडिताने १८७२ च्या ग्रंथात काटापूरच्या क्रूसाचे चित्र छापले आणि अनुमान काढले, की इथे कधीकाळी ख्रिस्ती वस्ती असावी. क्रूस दिसला म्हणजे ख्रिस्ती, असा सरळ हिशेब!

पुढच्या अभ्यासकांना तो पटला नाही. दक्षिणेत तमिळनाडूतील मोट्टूरसारख्या ठिकाणीही थडग्यांजवळ माणसाच्या आकाराच्या शिळा आहेत. वरचा भाग डोके, आडवे ते पसरलेले हात. मग हा क्रूस म्हणजे मेलेल्या माणसाची आठवण. ही थडगी लोहयुगातली, म्हणजे ख्रिस्ताच्याही आधीची धरली जातात.

आपल्या विदर्भात हे लोक परके नव्हेत. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळे आहेत. नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. चिमूर तालुक्यात हिरापूरला शिळांची थडगी आहेत. आणि भामरागडकडचे माडिया बांधव आजही आपल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. म्हणजे रीत अजून जिवंत आहे.

आता आपल्या कामाचे. रान सपाट करताना, नवी लागण धरताना गोल मांडलेले दगड आडवे येतात. जेसीबी लावला की तासाभरात सगळे बांधावर. नांगराच्या फाळाला अडतात हे खरे, पण एकदा जागेवरून हलवलेले दगड काही सांगत नाहीत. कोण कुठे पुरला, सोबत काय ठेवले, हे त्या मांडणीवरूनच कळते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की असे वर्तुळ दिसले तर हात लावण्याआधी तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. पुरलेली दहा रुपयांवर किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेच आहे.

ऊस दरसाल उगवेल. हा दगड पुन्हा उगवायचा नाही.