रामसेसच्या पायावरची ग्रीक नावे

इजिप्तच्या दक्षिण टोकाला अबू सिंबेल इथे रामसेस दुसरा या राजाचे चार भव्य पुतळे आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे 20 मीटर. त्यांपैकी एका मोडक्या पुतळ्याच्या पायावर ग्रीक अक्षरे कोरलेली आहेत. ती कोरली भाडोत्री सैनिकांनी, इसवी सनापूर्वी 593च्या सुमारास. म्हणजे सिकंदर इजिप्तमध्ये येण्याआधी अडीचशेहून अधिक वर्षे.

साम्तिक दुसरा या फारोने नाईलवाटे दक्षिणेकडे, नुबियात, मोहीम काढली होती. राजा एलेफंटाइन बेटापर्यंत आला, आम्ही मात्र नदीने वाट दिली तिथपर्यंत पुढे गेलो, असे त्या मोहिमेतले हे सैनिक लेखात सांगतात. परभाषक तुकडीचा सेनापती पोतासिम्तो आणि इजिप्शियनांचा अमासिस, हेही त्यांनी नोंदवले आहे. लिहिणाऱ्यांची नावे आर्खोन आणि पेलेकोस. शेजारी आणखी काहींनी नावे कोरली. कुणी ऱ्होड्स बेटावरच्या इयालिसॉसचा, कुणी तेऑसचा, कुणी कोलोफॉनचा. आशिया मायनरमधल्या कारियन शिपायांचे लेखही तिथेच आहेत.

या मोहिमेबद्दल ग्रीक इतिहासकार हिरोडोटस जेमतेम एक वाक्य लिहितो, तेही दीडेकशे वर्षांनंतर. इथे प्रत्यक्ष गेलेली माणसे बोलतात, म्हणून मला हा लेख मोठमोठ्या विजयस्तंभांहून मोलाचा वाटतो. साधे शिपाई लिहू शकत होते, याचाही तो भक्कम पुरावा. आस्वानच्या धरणामुळे 1960च्या दशकात मंदिर कापून उंचावर हलवले, तेव्हा ही अक्षरेही पाण्यातून वाचली.