दोष काळ्याचा नव्हता

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात राजवाड्यांसाठी लोकरीचे मोठे भित्तिपट विणले जात. 1824 मध्ये तिथल्या रंगाई विभागाची सूत्रं मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली आणि तक्रारीही आल्या. त्यातली एक मोठी चमत्कारिक होती. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा रंग म्हणे फिका दिसतो. शेव्रलने ती लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगाईत खोट नव्हती. काळ्याला मारत होता तो शेजारचा निळा.

दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. तांबड्याजवळचा हिरवा अधिक हिरवा भासतो आणि गडद निळ्याजवळच्या काळ्यावर नारिंगी झाक येऊन तो विटका वाटतो. शेव्रलने हा नियम 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. विणकरांची अडचण सोडवताना लिहिलेलं हे शास्त्र चित्रकारांनी उचललं. जॉर्ज सरा याने तर त्याच्या आधारे शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवत सुमारे तीन मीटर रुंदीचं चित्र रंगवलं. ‘ला ग्रांद जात’ बेटावरची ती रविवारची दुपार आज शिकागोच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे पैठणीच्या विणकरांना हे हातानेच ठाऊक होतं. हिरव्या अंगाला लाल पदर दिला की दोन्ही रंग खुलतात.

भाषेतही हेच चालतं. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीतून सोनं काढून टाका. कथलाची कीव येईल, पण म्हणीची धार जाईल. रंगभूमीवर याचं अस्सल उदाहरण म्हणजे 1919 चं ‘एकच प्याला’. राम गणेश गडकऱ्यांनी सुधाकर-सिंधूच्या संसाराची राखरांगोळी दाखवताना मध्येच तळीरामाच्या दारुड्या मंडळाचे प्रवेश घातले. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि पुढच्याच प्रवेशात सिंधूचं दारिद्र्य त्याच्या अंगावर येतं. हे विनोदी प्रवेश विरंगुळ्यासाठी आहेत असं मानून त्यांना कात्री लावणं म्हणजे शोकांतिकेचीच ताकद कमी करणं.

शेव्रलचा नियम घरीही पडताळता येतो. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापावेत. एक काळ्या कागदावर, दुसरा पांढऱ्यावर ठेवावा. काळ्यावरचा उजळ दिसेल. साडीवर ब्लाउजपीस निवडतानाही दोन्ही कापडं एकमेकांना लावूनच पाहावीत.