समर्थांची झाडांची यादी

जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना. इथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला नारायण जन्मला. तेच पुढचे समर्थ रामदास. ‘मनाचे श्लोक’ घरोघरी पाठ, पण त्यांचं ‘बाग प्रकरण’ फारसं कुणी उघडत नाही. ती निव्वळ झाडांची नामावळी आहे, आणि सुरुवात चक्क काटेरी झुडपांपासून! मुलांना घेऊन जन्मस्थानाचं दर्शन झालं, की ही यादी हातात घ्या आणि शिवारात ओळखीचं एकेक नाव शोधा. जुनी नावं ओळखायला आजी सोबत हवीच. सलग झाडी बघायची तर छत्रपती संभाजीनगरची मोगलकालीन हिमायत बाग गाठा. तिथे आता कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. डबा घरचाच बरा.