भिंतीवरचा इलाज

नांदेडहून लातूरकडे एस.टी.ने निघालेल्या प्रवाशास वाटेत लोहा, अहमदपूर आणि चाकूर ही गावे जितक्या निश्चितपणे लागतात, तितक्याच निश्चितपणे एक भिंतवाङ्मयही लागते. पडीक गोदामांवर, पुलांच्या कठड्यांवर आणि कुणा बेसावध घरमालकाच्या पाठभिंतीवर रंगविलेल्या त्या मजकुरात गमावलेली ताकद, गळालेले केस, काळवंडलेला चेहरा, खुंटलेली उंची आणि न झालेले मूल या पाचही दुःखांवर एकाच मोबाइल क्रमांकावर हमखास इलाज देऊ केलेला असतो. हा इलाज करणारा धन्वंतरी बहुधा महिन्यातील ठरावीक तारखांनाच स्थानकाजवळच्या एखाद्या लॉजवर मुक्कामास असतो, ही गोष्ट मला नेहमीच मोठी सूचक वाटत आली आहे.

वस्तुतः ही भिंत बेकायदा आहे. १९५४ साली संसदेने औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध जो कायदा केला, त्याने कामशक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातीस सरळ मनाई केली आणि पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. १९४५ च्या औषध नियमांस जोडलेल्या 'जे' परिशिष्टात तर, कोणत्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये, त्यांची यादीच दिलेली असून तीत टक्कल, अकाली पिकलेले केस, त्वचेचा गोरेपणा, उंची आणि स्मरणशक्ती ही सारी मंडळी एकाच पंगतीला बसलेली आढळतात. परिशिष्ट तयार करणाऱ्या कारकुनाने अहमदपूरची भिंत समोर ठेवूनच नक्कल उतरविली असावी, असा भास होतो.

हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हुकमतीखाली होता, आणि दवाखाना, हकीम, माजून (औषधी पाक), कुश्ता (भस्म) हे शब्द येथल्या बोलीस परके वाटत नाहीत ते त्यामुळेच. आसफजाही राजवटीने युनानी तिब्बला उदार आश्रय दिला. हैदराबादेतील चारमिनारजवळचा निजामिया दवाखाना आजही त्याची साक्ष देतो. परंतु भिंतीवरचा इलाज स्वतःस खानदानी हकिमांचा नुस्खा म्हणवितो, तेव्हा त्या वारशाची रुजुवात करून पाहावीशी वाटते. युनानी शास्त्राने आरोग्याची मूळ कारणे म्हणून सहा आवश्यक गोष्टी सांगितल्या: हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि देहातील द्रव्यांचे धारण व उत्सर्जन. तिकडे चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ मानले ते आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. दोन्ही परंपरांनी अग्रपूजेचा मान दिनचर्येस दिला होता. भिंतीने दिनचर्या वजा केली आणि माजून तेवढे ठेवले.

या भिंतीपाशी थबकणाऱ्यांत पहिला असतो तो कोवळा तरुण, आणि त्याला बहुधा रोग नसतो, केवळ भय असते. रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा वीर्याचा एक थेंब बनतो, या लोकसमजुतीच्या हिशेबाने तो आपला जमाखर्च मांडतो आणि दर खेपेस दिवाळखोरीच्या जवळ जातो. या भयातून उद्भवणाऱ्या अशक्तपणाला, उदासीला आणि निद्रानाशाला भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. वीर्य म्हणजे बहुतांशी पाणी, त्यात थोडी फळशर्करा, क्षार आणि प्रथिने. त्याचा मोठा भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी पुरवितात आणि शुक्रबीजांची निपज तर यौवनापासून वृद्धपणापर्यंत अखंड चालू असते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून मराठी वाचकांस हेच परोपरीने सांगितले. वाचकांच्या असल्याच खासगी प्रश्नांस छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला कर्वे हरले. पुढे नव्वद वर्षे लोटली तरी भिंतीवरचा चाळीस थेंबांचा हिशेब मात्र मिटलेला नाही.

दुसरा इसम पन्नाशीच्या आसपासचा, आणि त्याची तक्रार खरी असते. येथे शास्त्राला काही महत्त्वाचे सांगावयाचे आहे, म्हणून थोडे थांबू. पुरुषाच्या इंद्रियाची ताठरता हा मूलतः रक्ताभिसरणाचा व्यवहार आहे. मज्जातंतूंचा इशारा मिळताच धमन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, धमन्यांच्या भिंती सैलावतात आणि रक्त वेगाने आत शिरते. रक्तवाहिन्यांतील या वायूच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांस १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल या गोळीस परवानगी मिळाली. वस्तुतः ही गोळी हृदयशूळासाठी शोधली जात होती. आता ज्या धमन्या या इंद्रियास रक्त पुरवितात त्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, आणि हृदयास पुरविणाऱ्यांचा तीन ते चार मिलिमीटर. मधुमेहाने, उच्च रक्तदाबाने किंवा तंबाखूने साऱ्या धमन्यांचा अंतःस्तर एकदमच बिघडू लागतो. परंतु बारीक नळ आधी तुंबतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरने मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी येताना पाहिले, तेथील गृहिणीस हे समजावून सांगावे लागणार नाही: दाब उतरला की पहिली कोरडी पडते ती शेवटच्या घराची तोटी. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत ही लाजिरवाणी वाटणारी तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी येते. तिला नपुंसकत्वाचा शिक्का समजून लॉजवर धाव घेणारा मनुष्य हृदयाने पाठविलेली आगाऊ नोटीस न वाचताच फाडून टाकतो.

लॉजवर त्याला जी पुडी मिळते तिच्यात कधी खरोखरीच 'गुण' असतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा. वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा चूर्णांत आणि कॅप्सुलांत सिल्डेनाफिलची भेसळ जगभर वारंवार सापडली आहे. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ते अजाणता पोटात घेतले, तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की प्राणावर बेतावे. कुश्ता आणि भस्मांची कथा वेगळी. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता.

मग ज्यास मधुमेहाची शंकाही नाही अशा सडपातळ माणसाने निर्धास्त राहावे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आपले आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचे, जॉन युडकिन यांचे, छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीशी वजनाचे प्रमाण दोघांचे अगदी एकच, २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. कृश दिसणारा मराठी माणूस आतून स्थूल असू शकतो, आणि सदऱ्याखाली किंचित पुढे आलेले पोट हे खाल्ल्या घरचे लक्षण म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ते वस्तुतः यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या भोवती साचलेले कर्ज असते. हे कर्ज फेडता येते, हेही सिद्ध झाले आहे. इटलीतील नेपल्सच्या संशोधकांनी ताठरतेची तक्रार असलेल्या ११० स्थूल पुरुषांपैकी निम्म्यांस आहार आणि चालणे यांचा काटेकोर कार्यक्रम आखून दिला आणि निम्म्यांस केवळ सर्वसाधारण उपदेश केला. दोन वर्षांनी पहिल्या गटातील १७ जण पूर्ववत झाले, दुसऱ्यातील केवळ ३. पंचावन्नांत सतरा म्हणजे एक तृतीयांशाहून कमी, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्यांत एकाही गोळीचा वाटा नव्हता.

तिसऱ्या गिऱ्हाइकास भिंत वाचण्याची गरज पडत नाही, कारण त्याचा इलाज जिममध्येच मिळतो. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा महाराष्ट्र केसरी आणि काका पवारांसारखा अर्जुन पुरस्काराचा मानकरी मल्ल दिला. तालमीच्या मातीतली ती शरीरे घडण्यास वर्षे लागली. आजच्या तरुणास तसे शरीर तीन महिन्यांत हवे असते आणि त्यासाठी पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम इंजेक्शने त्याला कुणीतरी टोचून देतो. त्यातून काय घडते हे समजण्यास जुन्या हैदराबाद संस्थानचा कारभार आठवावा. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा सुभेदार. त्याचा हुकूम पिट्यूटरी ग्रंथी या अव्वल तालुकदाराकडे जातो. तालुकदार वृषणरूपी तहसिलीस तगादा लावतो आणि तहसील टेस्टोस्टेरॉनचा वसूल गोळा करून शरीराच्या खजिन्यात भरते. खजिन्यात पुरेसा भरणा दिसला की सुभेदार तगादा थांबवितो, अशी मूळचीच वहिवाट आहे. आता बाहेरून पोत्यांनी रक्कम ओतली, तर सुभेदारास वाटते की वसूल तुडुंब झाला. हुकूम बंद होतात, तहसिलीस टाळे लागते, वृषणे आक्रसतात आणि शुक्रबीजांची निपज कधी कधी शून्यावर येते. शिवाय जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर स्त्री-संप्रेरकात पालटते, म्हणून या बलदंड छातीवर स्तनांची वाढ दिसू लागते. पाठीवर मुरमे उठतात आणि घराण्यात टक्कल असेल तर ते लवकर येऊन भेटते. पुरुषाने आकर्षक दिसण्यासाठी जे करावे त्यानेच त्याची प्रजननक्षमता जावी, या विसंगतीला २०१९ पासून मॉसमन आणि पेसी या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते. इंजेक्शने थांबविल्यावर तहसील पुन्हा उघडते खरी, पण महिनोन् महिने जातात, कधी वर्षे, आणि काहींच्या बाबतीत दप्तर पुरते सुरळीत होतच नाही.

लातूरच्या विद्यार्थ्यांचा मामला सौम्य आहे. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवरून साऱ्या मराठवाड्याची मुले परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने या शहरात येतात, मेसचा डबा खातात, रात्री दोनपर्यंत जागतात, आणि परीक्षा आटोपून निकालाची वाट पाहत असताना न्हाणीघरात केसांचा पुंजका पाहून घाबरतात. दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविकच. आणि ताण, ताप किंवा उपासमार यांचा हिशेब केस दोन-तीन महिने मागे राहून चुकता करतात, म्हणून गळतीचे कारण कालच्या शांपूत शोधणे व्यर्थ होय. जागरणाचा परिणाम मात्र त्वरित होतो. २०११ साली शिकागोत दहा निरोगी तरुणांस आठ रात्री केवळ पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलेले आढळले. चरकाने निद्रेस उपस्तंभ म्हटले, ते काही अलंकार म्हणून नव्हे.

चेहऱ्याच्या क्रीमविषयी फार लिहीत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीवाचून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब आधी उजळपणा देते, मग कातडी झिजविते, लालसर शिरा उमटविते आणि सोडू म्हटल्यास आग पाखडते. पाऱ्याच्या क्रीमची कथा याहून गंभीर आहे: त्वचेचा रंग घडविणारे विकर पारा रोखतो आणि मूत्रपिंडे बिघडवितो. अकोल्यात एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीमने आजारी पडल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत निष्पन्न झाले, त्यास अजून फार वर्षे लोटलेली नाहीत.

भिंतीवर ज्यांचा उल्लेखही नसतो त्या स्त्रियांकडे मात्र वळले पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन सहा-सहा महिने फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रीस पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, ओटीपोटाचे दुखणे अंगावर काढावे लागते, आणि मग कुणीतरी तिला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला देतो. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी मोजदाद आली, तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय मागील दहा वर्षांत काढलेले होते, आणि त्यांतील पुष्कळ चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयाबरोबर बीजांडेही गेली तर इस्ट्रोजेन एका रात्रीत आटते: अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे पोकळ होऊ लागतात, योनिमार्ग कोरडा पडून संबंध वेदनामय होतो. बीजांडे राखली तरी रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येण्याचा संभव असतो. ज्या तक्रारीसाठी शस्त्रक्रिया झाली, ती कित्येकींच्या बाबतीत साध्या जंतुसंसर्गाची असू शकली असती, आणि तिचा इलाज दहा-पंधरा दिवसांच्या औषधांचा आणि स्वच्छ पाण्याचा. या स्त्रीने आपल्या सुकलेल्या देहाविषयी कुणाला विचारावे, याची तजवीज ना भिंतीने केली आहे ना दवाखान्याने.

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये माझे एक स्नेही बरीच वर्षे दवाखाना चालवितात. ते सांगतात, की असे रुग्ण नेहमी शेवटी येतात, बाकावरची गर्दी ओसरल्यावर. खोकला, पित्त, कंबर अशी किरकोळ कैफियत मांडतात, चिठ्ठी घेतात, उठतात, चपला पायांत सरकवितात आणि दाराशी पोहोचल्यावर मागे न वळता म्हणतात, "डॉक्टरसाहेब, अजून एक विचारायचं होतं." त्यावर माझे स्नेही त्यांना परत खुर्चीवर बसवितात आणि पुढचा एक शब्द ऐकण्यापूर्वी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळतात.